भीती रोगाची, बोट रोग्याकडे

सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या भिंतींवर एक ओळ रंगवलेली असे : ‘देवीचा रोगी कळवा आणि एक हजार रुपये मिळवा’. चावडी, शाळा, एसटीचा थांबा, जिथे भिंत मोकळी सापडेल तिथे. रोग गेला तरी ती अक्षरं पुसट होत होत कित्येक वर्षं टिकून राहिली, त्यामुळे ज्यांनी देवीचा रोगी कधी पाहिला नाही त्यांनाही ती पाठ आहेत. देवी हा काही साधासुधा आजार नव्हता. त्याच्या उग्र प्रकारात दहांतले तिघं दगावत, वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात. लोकांना घाबरवायला एवढं भांडवल हाताशी असताना त्या ओळीत मरणाचा उल्लेख नाही, कवटी नाही, ‘सावधान’ नाही. काय करायचं आणि केलं तर काय मिळेल, एवढंच आहे. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रोगी मे १९७५मध्ये सापडला आणि १९७७मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

सगळं श्रेय त्या ओळीचं नाही, हे उघड आहे. लस पक्की होती, रोग चेहऱ्यावरच दिसत असल्याने लपवणं कठीण होतं. शिवाय त्या मोहिमेत जोरजबरदस्तीही झाली. तेव्हाच्या बिहारमध्ये घरात शिरून, धरून लस टोचल्याच्या नोंदी आहेत. तरीही ती ओळ मला आरोग्यसंदेशाचा फार चांगला नमुना वाटते. रोगी कळवणं हे तिने फायद्याचं काम करून टाकलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बहुतेक साथींत आपण नेमकं उलट केलं : लोकांना आधी भरपूर घाबरवलं, आणि मग रोग उघड करणाऱ्याला त्याची जबर किंमत मोजायला लावली.

भीती दाखवूच नये, असं माझं म्हणणं नाही. भीती निरुपयोगी असते हे आरोग्य कार्यकर्त्यांच्या वर्तुळात अधूनमधून ऐकू येणारं मत पुराव्याला धरून नाही. अमेरिकेत १९५३मध्ये जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेविषयी तीन प्रकारची व्याख्यानं ऐकवली. सर्वांत भयानक चित्रं पाहिलेल्या मुलांमध्ये प्रत्यक्ष बदल सर्वांत कमी झाला. या एका प्रयोगाच्या जोरावर ‘भीतीने काही होत नाही’ हे वाक्य बरीच वर्षं चाललं. पण पुढच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा भीती बऱ्याचदा उपयोगी पडते असं दिसलं. प्रश्न भीतीसोबत आणखी काय दिलं जातं, हा आहे.

येल विद्यापीठात लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाचायला दिली. काहींना भयंकर, काहींना सौम्य. भयंकर पत्रक वाचलेले विद्यार्थी जास्त घाबरले, लस घ्यायलाच हवी असं जास्त जोराने म्हणाले. पण प्रत्यक्षात लस घेणाऱ्यांचं प्रमाण पाहिलं तर ते भीतीच्या मात्रेवर अवलंबून नव्हतंच. काही विद्यार्थ्यांना पत्रकासोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला होता आणि आठवड्याच्या वेळापत्रकात तिकडे कधी जाता येईल ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लस घेऊन आले. ज्यांना हे दिलं नव्हतं त्यांच्यातले ३ टक्के. आता, चौथ्या वर्षाच्या त्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाचं आरोग्य केंद्र कुठे आहे हे काय माहीत नव्हतं? होतंच. तरी नकाशाने फरक पडला. थोडी भीती लागलीच, नुसत्या नकाशाने कुणी उठलं नाही. पण पत्रक आणखी भडक केल्याने काही वाढलं नाही.

पुढे १९९२मध्ये किम विटे या संशोधिकेने याची मांडणी केली. माणूस घाबरला की मनात दोन हिशेब करतो. धोका किती मोठा आहे, हा पहिला. त्यावर मला काही करता येण्यासारखं आहे का आणि ते केल्याने खरंच काही होईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तो धोक्याच्या मागे लागतो. ‘नाही’ आलं तर तो भीतीच्या मागे लागतो, म्हणजे ती कशी कमी होईल ते पाहतो. मग तो विषय टाळतो, ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणतो, सांगणाऱ्यावर चिडतो, किंवा दोष द्यायला कुणीतरी शोधतो. साथीच्या काळात आपण ज्याला अडाणीपणा किंवा बेफिकिरी म्हणतो, त्यातलं बरंचसं हे असतं. तो माणूस पुरेसा घाबरलेला नाही असं समजून आपण त्याला आणखी घाबरवायला जातो आणि तो आणखी दूर पळतो.

इथपर्यंतचं मानसशास्त्र तंबाखूलाही लागू आहे, हेल्मेटलाही. संसर्गजन्य रोगात मात्र एक गोष्ट वेगळी आहे आणि तिचा विचार आपले संदेश लिहिणारे करत नाहीत अशी माझी तक्रार आहे. आपल्याकडे २०१६पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते सडलेल्या गालाचं चित्र बघून जी किळस येते ती पाकिटाला चिकटते. पाकीट फेकून देता येतं, त्याला काही वाटत नाही. संसर्गजन्य रोगात धोक्याला माणसाचा चेहरा असतो. तो खोकणारा शेजारी असतो, मुंबईहून आलेला चुलत भाऊ असतो, घरकामाला येणारी बाई असते. जंतू दिसत नाही, माणूस दिसतो. त्यामुळे रोगाची म्हणून सोडलेली भीती रोग्यावर जाऊन बसते. आणि तो रोगीही पोस्टर वाचत असतो. त्याच्या मनात एक तिसरा हिशेब सुरू होतो, जो धनुर्वाताच्या पत्रकात नव्हता : मला हा रोग आहे हे कळलं तर माझं काय होईल? लोकांना रोगापेक्षा या तिसऱ्या उत्तराची भीती जास्त वाटू लागली की ते तपासणीला येत नाहीत. ही भीती पोस्टर रंगवताना आपणच वाढवत असतो.

गोव्यात हे १९८९मध्ये अगदी ठळकपणे घडलं. एड्सविषयी जगभर तेव्हा भयाचाच सूर होता. ऑस्ट्रेलियात १९८७च्या सरकारी जाहिरातीत काळा झगा घातलेला मृत्यू बोलिंगच्या चेंडूने बायकामुलांना पिनांसारखं पाडताना दाखवला होता. तिचा एक परिणाम असा झाला की समलिंगी पुरुषांकडेच लोक त्या मृत्यूच्या रूपात बघू लागले. आपल्याकडे जाहिराती इतक्या चकचकीत नव्हत्या, पण सूर तोच होता आणि गोव्याने तर कायदाच केला : एचआयव्हीबाधिताला अलग कोंडून ठेवण्याची तरतूद सार्वजनिक आरोग्य कायद्यात आली. म्हापशाजवळचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याने दिलेल्या रक्तात विषाणू सापडला. फेब्रुवारी १९८९मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले. का, ते त्याला आधी सांगितलंसुद्धा नाही. जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या एका खोलीत त्याला ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. आई न्यायालयात गेली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा तो सुटला. नोकरी गेली. पुढे त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२मध्ये तो वारला.

या प्रकरणातला अन्याय तर आहेच. पण क्षणभर तो बाजूला ठेवून निव्वळ आरोग्य खात्याच्या नजरेतून पाहा. हा माणूस स्वतःहून रक्तपेढीत येत होता. त्याच्यामुळे खात्याला विषाणूचा माग लागला. अशी माणसं जास्तीत जास्त यावीत हेच खात्याला हवं होतं. ६४ दिवसांनी गोव्यातल्या प्रत्येक तरुणाला काय कळलं? की रक्त तपासू देऊ नये. एका माणसाला कोंडून खात्याने न तपासलेल्या कितीतरी माणसांचा माग घालवला.

त्याच्याही ९२ वर्षं आधी पुण्याने हा धडा फार महागात शिकवला होता. मुंबईत १८९६मध्ये प्लेग आला, त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असा बोलबाला होता. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला आणि मार्चपासून रँडच्या प्लेग समितीने पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या सुरू केल्या. चुलीपर्यंत, देवघरापर्यंत बूट गेले, बायकांच्या काखा-जांघा परक्या पुरुषांनी तपासल्याच्या तक्रारी झाल्या, अंथरूण-पांघरूण जाळलं गेलं, जमीन खणली गेली, आजाऱ्याला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत हलवलं गेलं. मग लोकांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. रोगी माळ्यावर लपवले, मृत्यू लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास आपल्याला शाळेत शिकवतात. पण घरोघर लपवलेल्या त्या गाठी आणि तापाचा इतिहास कुणी शिकवत नाही, आणि साथीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. शोकांतिका अशी की प्लेगच्या गाठी पसरवत होत्या उंदरांच्या पिसवा. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत ते शोधलं १८९८मध्ये. तोवर सगळा धाक माणसांवर चालला होता.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यात दुसरंही काही घडत होतं. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः आजारी माणसं तिथे आणत होत्या. त्यांना त्यातूनच लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. टिळकांनी रँडच्या कारभारावर ‘केसरी’तून टीका केली, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हिंदू प्लेग रुग्णालय सुरू केलं. रोगी वेगळा ठेवावा लागतो हे या सगळ्यांना मान्य होतं. तो कोण नेतो, कुठे नेतो, तिथे त्याला पाणी कोण देतं, यावर लोक जायचं की लपायचं ते ठरवत होते.

आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला कोरोना घेऊ. मार्च २०२०मध्ये फोन लावला की आधी कुणाचा तरी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. पुढे बदललेल्या सूचनेत ‘आपल्याला रोगाशी लढायचंय, रोग्याशी नाही’ या अर्थाचं वाक्य होतं, आणि ते लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. पण मार्चमध्येच परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर निवडणुकीच्या शाईचा शिक्का बसत होता, आणि असे शिक्के असलेले चार प्रवासी गरीबरथ एक्स्प्रेसमधून पालघरला उतरवले गेले. पुढे ज्या इमारतीत रोगी सापडे तिथे बांबू बांधले जात, पत्रे ठोकले जात, गेटवर फलक लागे. खालच्या मजल्यावरचा दूधवाला यायचा बंद, मोलकरीण बंद, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फ्लॅटचा नंबर फिरलेला. फोनमधला आवाज काहीही सांगो, लोक तो पत्रा वाचत होते. पत्र्यावर लिहिलं नव्हतं तरी सगळ्यांना कळत होतं : ‘यांच्यामुळे.’ घरावर फलक लागला की त्या घरच्यांना अस्पृश्यासारखं वागवलं जातं, ही गोष्ट डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही बोलून दाखवावी लागली, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशाशिवाय फलक लावू नयेत असं न्यायालयाने सांगितलं. तोवर नऊ महिने गेले होते. त्या नऊ महिन्यांत ताप आला तरी क्रोसिन घेऊन गप्प बसलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ‘टेस्ट केली तर उचलून नेतील’ हे वाक्य कोल्हापूर ते गडचिरोली सारखंच ऐकू येत होतं.

याच राज्यात, याच वर्षी धारावीने वेगळं करून दाखवलं. १ एप्रिल २०२०ला तिथे पहिला रोगी सापडला. अडीच-एक चौरस किलोमीटरात काही लाख माणसं, दहा बाय दहाची घरं, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. ‘घरीच राहा, अंतर ठेवा’ हा संदेश तिथे कितीही भयानक करून सांगितला असता तरी पाळता येणार नव्हता. विटेंच्या दुसऱ्या हिशेबाचं उत्तर तिथे सरळ ‘नाही’ होतं. पालिकेने उत्तर बदललं. ज्या डॉक्टरांकडे लोक वर्षानुवर्षं पन्नास-शंभर रुपयांत औषध घेत होते तेच खासगी डॉक्टर पीपीई घालून गल्लीबोळांत तपासणीला फिरले. शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल यांत विलगीकरण केंद्रं उघडली आणि तिथे जेवण, डॉक्टर, औषध मोफत ठेवलं. सुरुवातीला लोक तिथे जायलाही बिचकले. पण पहिली माणसं बरी होऊन, जेवूनखाऊन परत आली तेव्हा पुढच्यांचं बिचकणं कमी झालं. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. ते काम निर्दोष होतं असं नाही. टाळेबंदीत रोजगार गेलेले हजारो कामगार धारावी सोडून गावी गेले, हेही त्या आकड्यांच्या मागे आहे. पण तिथे तिसऱ्या हिशेबाचं उत्तर बदलण्याचा प्रयत्न झाला, आणि लोकांनी ते बरोबर वाचलं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपली माणसं धाक असल्याशिवाय ऐकत नाहीत. हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतःला ‘आपल्या माणसांत’ धरत नाहीत, पण ते सोडा. धाकाचा अनुभव काय सांगतो? २०२० साली धाकाची काही कमी नव्हती. दंडुके होते, उठाबशा होत्या, रोज संध्याकाळी मृत्यूंचे आकडे होते. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती-अकोल्याकडे दुसरी लाट उठली तेव्हा त्या धाकातलं काहीही शिल्लक नव्हतं. भीती ही सतत ताणून धरता येणारी भावना नाही. मन तिला कंटाळतं, तिची सवय करून घेतं. सवय झालेल्या मनाला जागं करायला आणखी मोठा आकडा, आणखी भेसूर चित्र लागतं, आणि प्रत्येक वेळी रोग्याच्या वाट्याला थोडी जास्त किळस येते.

क्षयरोगाच्या बाबतीत तर ही किळस आज, आत्ता माणसं मारते आहे. जगातल्या एकूण क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. निदान मोफत, औषध मोफत, बहुतेक जण सहा महिन्यांच्या उपचाराने बरे होतात आणि औषध लागू पडलं की काही आठवड्यांतच संसर्ग पसरवण्याची शक्यता खूप घटते. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास बेडका तपासून घ्या’ ही पोस्टरवरची ओळ उत्तम आहे : काय झालं की, काय करायचं. पण सासरी नांदणारी मुलगी ती ओळ वाचते तेव्हा तिच्या डोक्यात बेडका नसतो. नवऱ्याला कळलं तर माहेरी धाडतील, धाकट्या बहिणीची सोयरीक मोडेल, ताट-वाटी वेगळी होईल, पोराला जवळ घेऊ देणार नाहीत, हे असतं. ती गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यामागे ठेवते, सासू बाहेर गेली की घेते, एखाद्या दिवशी सासू जातच नाही. मग औषध चुकतं. अशा मुलीला क्षयरोग किती भयंकर आहे हे आणखी एकदा सांगून काय मिळणार? तिच्या सासूला सांगायला हवं की काही आठवडे नियमित औषध घेतलेली, औषध लागू पडलेली सून घरात धोक्याची नाही. हे वाक्य मी आपल्याकडच्या भिंतींवर जवळजवळ कुठेच वाचलेलं नाही. सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा पैसे देतं, नोव्हेंबर २०२४पासून ती रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली, हे योग्य पाऊल आहे. पण ते पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर येतो, तेव्हा कुणाला कळेल या चिंतेने नाव न नोंदवणारी बाई या आकड्यांत दिसत नाही.

म्हणून संदेशाची भाषा सुधारा एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण प्रश्न निम्माच भाषेचा आहे. १८९७चा साथरोग कायदा अजूनही आपला मुख्य आधार आहे. त्यात सरकारला काय करता येईल आणि न ऐकणाऱ्याला काय शिक्षा होईल ते आहे, सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. २०२०च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आणली आणि ती आवश्यकच होती. रोग्यासाठी मात्र त्या कायद्यात एक ओळ नाही. त्याचं नाव फोडणाऱ्याला काय, त्याला घराबाहेर काढणाऱ्या मालकाला काय, कामावरून काढणाऱ्याला काय, याचं उत्तर नाही. हे अशक्य आहे म्हणावं तर २०१७च्या एचआयव्ही कायद्यात ते आहे : संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय नाव उघड करायचं नाही, नोकरी-शाळा-भाड्याचं घर नाकारायचं नाही, तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल. डॉमिनिकच्या खोलीपासून इथवर यायला २८ वर्षं आणि हजारो एचआयव्हीबाधितांचा झगडा लागला. हीच हमी प्रत्येक अधिसूचित साथीच्या रोगाला द्यायला पुन्हा तेवढा काळ लागण्याचं कारण नाही.

पुढच्या साथीचं पोस्टर मंत्रालयात मंजुरीला जाईल तेव्हा त्यावर धोक्याच्या एका ओळीखाली आणखी चार गोष्टी असल्याशिवाय ते छापू नये : तपासणी कुठे होईल आणि किती वाजता, पॉझिटिव्ह आलं तर किती दिवस कुठे राहावं लागेल, त्या दिवसांच्या मजुरीचं आणि घरच्यांच्या जेवणाचं काय, आणि कुणी नाव फोडलं, कामावरून किंवा घरातून काढलं तर तालुक्यात कुणाला फोन करायचा, त्या माणसाचा नंबर. तो नंबर छापण्याआधी खात्यातल्या कुणीतरी रात्री दहा वाजता लावून बघावा.